नाना, 'मस्ट' आणि शेतातली चिंच

माझे सासरे सत्तरी ओलांडल्यावर इंग्रजी शिकायला बसले. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते. भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठापासून थोडं आत त्यांचं गाव आहे. शेतात केळी, थोडा कापूस आणि विहिरीजवळ लिंबाची काही झाडं. मी जळगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, नवरा तिथेच बँकेत आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या इंग्रजीचा नानांना एकच उपयोग होता, तो म्हणजे फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून घेणं. बाटली माझ्या हातात देऊन ते उभे राहायचे, मी वाचून अर्थ सांगायची, ते गंभीरपणे मान डोलवायचे आणि मग आपल्याच मनाने फवारणी करायचे.

हे असंच चाललं असतं, पण मध्येच हॉलंडची एक बाई आली. केळीच्या मुळांना होणाऱ्या एका रोगावर तिचा अभ्यास चालू होता. गावोगाव फिरून ती मातीचे नमुने घेत होती आणि शेतकऱ्यांशी बोलत होती. तिच्यासोबत एक दुभाषे होते, पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. मी तेव्हा जळगावला होते. जे घडलं ते नंतर मला नानांनी, माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आणि फोनवरून निम्म्या गावाने सांगितलं.

बाईने सगळं शेत पाहिलं. आमच्या केळीच्या ओळींच्या अगदी मधोमध एक जुनी चिंच उभी आहे. बाईने विचारलं, हे झाड इथे का ठेवलं आहे? नाना सांगायला लागले. नाना काही सांगायला लागले की आधी पार्श्वभूमी येते आणि मग त्या पार्श्वभूमीची पार्श्वभूमी येते. तंबाखू मळून, तोंडात टाकून, ती थुंकून होईपर्यंत त्यांचं सांगणं चालू होतं. दुभाषे हाताची घडी घालून ऐकत होते. नाना थांबले तसे ते बाईकडे वळले आणि म्हणाले, "फॉर शेड." बाईने मान हलवली आणि ती पुढच्या ओळीकडे निघून गेली.

नानांना शेड हा शब्द माहीत होता. ट्रॅक्टर उभा करायच्या पत्र्याच्या छपराला आमच्याकडे सगळे शेडच म्हणतात. त्यामुळे आधी त्यांना वाटलं, या माणसाला चिंच आणि पत्रे यांतला फरक कळत नाही. संध्याकाळी गावातल्या एका मास्तरांनी खरा अर्थ सांगितला, तेव्हा मात्र ते पेटले. केळीला ऊन हवं असतं. त्या चिंचेखालच्या केळीचे घड बारके निघतात आणि उशिरा येतात, हे शेतावर आलेला कुणीही सांगेल. केळीच्या मळ्यात सावलीसाठी झाड राखणारा शेतकरी म्हणजे गिऱ्हाईक येऊ नये म्हणून दारात मारका बैल बांधणारा दुकानदार.

त्याच दिवशी नानांनी मला फोन केला. एरवी ते मुलाला फोन करून "सूनबाईला सांग" म्हणत. त्या दिवशी थेट मला.

"मी इतलं बोलनू," ते म्हणाले, "आन त्यानी एकच शब्द सांगा. आते ती बाई हॉलंडमा सांगी, खान्देशना शेतकरी येडा शेतस." म्हणजे, त्याने एकच शब्द सांगितला, आता ती बाई तिकडे जाऊन सांगेल की खान्देशातले शेतकरी वेडे आहेत.

बाई हिवाळ्यात परत येणार होती. तोवर आपल्याला इतकं इंग्रजी आलं पाहिजे की मध्ये कुणी लागू नये, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, नाना, एवढा त्रास कशाला, मीच रजा काढून येते आणि तुमचं बोलणं तिला सांगते. मग ते म्हणाले, "तू बी कमीच करशी."

एका इंग्रजीच्या प्राध्यापिकेला याहून जास्त लागेल असं काही बोलता येत नाही. मी कबूल झाले.

दर शनिवारी मी पाचोऱ्यावरून बसने गावी जायला लागले. बाकीच्या दिवशी अक्का टीव्हीवर मालिका बघायला बसल्या की फोनवर तास चालायचा. नानांकडे भांडवल तसं बरं होतं. एबीसीडी पक्की होती. ड्रिप, पंप, स्टार्टर, एक्सपोर्ट, क्वालिटी असे शब्द तर ते रोजच वापरत होते. क्रियापदं मात्र एकही नव्हती. नाम म्हणायचं आणि हात उडवायचे, असा त्यांचा खाक्या.

मी विचार करून एक साचा काढला. आमच्या पुस्तकात मोडल ऑक्झिलिअरी नावाचा एक धडा असतो. मस्ट, शुड, मे, माइट, कॅन, वुड ही मंडळी त्यात येतात. त्यांच्यापुढे 'बी' ठेवायचं, मग एक विशेषण आणि मग त्या विशेषणाचा ठरलेला जोडीदार, म्हणजे ऑफ, फॉर, विथ, ॲट यांपैकी कुणीतरी. काळाची कटकट नाही, क्रियापदाची रूपं नाहीत, 'बी' जन्मात बदलत नाही. नानांना ही व्यवस्था फार आवडली. ठिबकचीच गत आहे म्हणाले, मुख्य लाइन एकच, फक्त पुढच्या तोट्या बदलायच्या.

दुसऱ्याच तासाला त्यांनी सगळ्या मोडलची ओळख पटवून घेतली. मे म्हणजे परवानगी, ती मागायची असते. माइट म्हणजे शेतावरची वीज, आली तर आली. शुड म्हणजे अक्का, सल्ला देणार, ऐकायचा की नाही ते आपल्यावर. आणि मस्ट म्हणजेसुद्धा अक्काच, पण आवाज चढल्यावर. अक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. माझं नाव कशात घेताय, एवढंच त्यांनी विचारलं.

अडलं ते पाहुणीच्या स्वागताच्या वाक्यावर. मी सांगितलं, बाई प्रवास करून येईल, तिला म्हणा, "यू मस्ट बी टायर्ड." नानांनी मनात मराठी करून पाहिलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. मस्ट म्हणजे पाहिजे, हे मीच शिकवलं होतं. मग याचा अर्थ झाला, तुम्ही दमलंच पाहिजे. लांबून आलेल्या पाहुणीला दारातच असं दरडावायचं, ही कुठली रीत, असं त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना समजावलं की हा मस्ट वेगळा. हा हुकमाचा नाही, अंदाजाचा आहे. तुम्ही दमला असाल, असं आपण म्हणतो ना, तसा. पण साधा अंदाज नाही, पक्का. समोरच्या खुणांवरून आपल्याला खात्री झालेली असते. बोर्डाच्या पेपरात याला 'सर्टन्टी' म्हणतात आणि निम्मी मुलं तिथे 'ऑब्लिगेशन' लिहून येतात.

नानांनी सुपारी कातरता कातरता विचार केला आणि म्हणाले, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं नाही, पण पैज लावायची तयारी आहे, असा मस्ट.

मी म्हटलं, अगदी तसाच.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी दिसेल त्याच्यावर तो मस्ट लावला. विहिरीवरची मोटर बंद पडली की "वायरमन मस्ट बी रिस्पॉन्सिबल फॉर इट." म्हशीने लाथ मारली की "म्हैस मस्ट बी अँग्री ऑन मी."

हा 'ऑन' मला पुरून उरला. नानांचं म्हणणं सरळ होतं. आपण माणसावर रागावतो, वर म्हणजे ऑन. कुत्र्याला भितो, ला म्हणजे टू, म्हणून अफ्रेड टू डॉग. लग्न बायकोशी होतं, शी म्हणजे विथ, म्हणून मॅरीड विथ. मी म्हटलं, मॅरीड विथ नाही, मॅरीड टू. त्यावर ते म्हणाले, बायकोला लग्न? अक्का आतून म्हणाल्या, "तेच खरं शे." आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे.

शेवटी मी सांगितलं की यात तर्क शोधू नका, या जमलेल्या सोयरिकी आहेत. कुणाचं कुणाशी का जमलं, हे विचारायचं नसतं, फक्त लग्नाला हजर राहायचं आणि लक्षात ठेवायचं. हे त्यांना लगेच पटलं. अफ्रेड, प्राउड, टायर्ड, फॉन्ड, अशेम्ड हे सगळे ऑफच्या घरचे निघाले, तेव्हा ऑफची भावकी बरीच मोठी दिसते म्हणाले. अँग्री विथ मात्र त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवलं. विथ म्हणजे सोबत हे त्यांना माहीत होतं. रागवायचं आणि सोबत राहायचं, हे इंग्रजांना बरं कळलं, असं म्हणून ते उठले आणि गोठ्याकडे गेले.

सरावासाठी त्यांना माणसं कमी पडू लागली. एके दिवशी भर दुपारी त्यांनी माझ्या नवऱ्याला बँकेत फोन केला, स्पष्ट आवाजात "यू शुड बी अशेम्ड ऑफ युवरसेल्फ" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. नवरा घाबरला. पाच मिनिटांत त्याचा मला फोन, की नाना इतके कशावरून संतापलेत, आपण दिवाळीत काही विसरलो का? मी म्हटलं, काही नाही रे, आजचा धडा होता, आणि वाक्य अगदी बिनचूक आहे. तो म्हणाला, बिनचूक म्हणजे काय म्हणायचंय तुला?

हिवाळा आला. बाईचा निरोप आला. या वेळी ती एकटीच, भाड्याच्या गाडीने येणार होती. मी रजा टाकून आदल्या दिवशीच गावी पोचले. सकाळी नानांनी नवं धोतर नेसलं, टोपी दोनदा झटकली आणि ओसरीवर येरझाऱ्या घालत पुटपुटत राहिले. अक्का म्हणाल्या, यांना लग्नातही एवढी धडकी भरली नव्हती.

गाडी थांबली. बाई उतरली, उंच, उन्हाने लाल झालेली, खांद्याला पिशवी. नाना पुढे गेले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "यू मस्ट बी टायर्ड."

वाक्य पूर्ण झालं होतं. पण नानांना ते अपुरं वाटलं. विशेषण कधी एकटं सोडायचं नाही, त्याला जोडीदार द्यायचा, हे मीच त्यांच्या डोक्यात घट्ट बसवलं होतं. ते क्षणभर थांबले, आठवून ऑफ काढला, त्याच्यापुढे कुणीतरी हवं म्हणून जवळचंच माणूस घेतलं आणि म्हणाले, "ऑफ मी."

म्हणजे, तुम्हाला माझा कंटाळा आलाच असेल. बाई दारात येऊन पुरती उभीही राहिली नव्हती.

तिने गंभीर चेहऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नॉट येट."

मी ओसरीच्या खांबाआड गेले. नाना मागे वळून माझ्याकडे विजयी नजरेने बघत होते. त्यांना उत्तर मिळालं होतं. मध्ये कुणी न लागता एक वाक्य गेलं होतं आणि एक उत्तर आलं होतं.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि शेवभाजी होती. पाहुणी आहे म्हणून तिखट कमी घाला, असं मी अक्कांना सांगितलं होतं आणि अक्कांनी ते त्यांच्या हिशोबाने कमी घातलंही होतं. बाईने पहिली वाटी संपवली. अक्कांनी लगेच दुसरी वाढली. तीही बाई खायला लागली, तेव्हा नाना कौतुकाने म्हणाले, "यू मस्ट बी फॉन्ड ऑफ चिली."

त्यांचा मस्ट अंदाजाचा होता. बाईला तो हुकमाचा वाटला. या घरात मिरचीची आवड असावीच लागते, अशी काही पद्धत असेल असं समजून तिने मान खाली घातली आणि जेवत राहिली. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, तरी अक्कांनी तिसऱ्यांदा वाढायला पळी उचलली, तेव्हाही ती नाही म्हणेना. मग मात्र मला मध्ये पडावं लागलं. मी तिला सांगितलं, ते आज्ञा करत नाहीत, तुमचं कौतुक करताहेत. ती हसायलाच लागली. डोळे पुसत म्हणाली की इंग्रजी ही तिचीही भाषा नाही. शाळेत असताना या ऑफ आणि फॉर आणि विथनी तिला रडवलं आहे, आणि अजूनही लिहिताना ती दोनदा तपासून बघते.

हे मी नानांना सांगितलं. सांगायला नको होतं. त्या क्षणापासून त्यांनी तिला पाहुणी मानणं सोडलं आणि वर्गातली सोबतीण मानायला सुरुवात केली. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी तिला दोनदा दुरुस्त केलं, दोन्ही वेळा चुकीचं. ती दोन्ही वेळा "थँक यू" म्हणाली.

ताटं उचलताना नानांनी अक्कांकडे बोट दाखवून तिला सांगितलं, "शी मस्ट बी अँग्री विथ मी." अक्कांनी मला विचारलं, आता काय म्हणाले? मी म्हटलं, तुम्ही त्यांच्यावर रागावल्या असाल, असं म्हणताहेत.

"असाल कशाला?" अक्का म्हणाल्या. "शे म्हणा."

ऊन उतरल्यावर आम्ही शेतात गेलो. चिंच दिसायला लागली तसे नाना मला म्हणाले, तू बांधावरच थांब, मध्ये बोलू नको. मी बांधावर थांबले. पण बांध फार लांब नव्हता, आणि नाना इंग्रजी बोलताना मुद्दाम मोठ्याने बोलत, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

इथे ती पार्श्वभूमी सांगायला हवी, जी पहिल्या वेळी एका शब्दात गेली होती. नानांना एक मोठे भाऊ होते. त्यांना सगळे आबा म्हणत. दोघांची घरं एका अंगणात, शेत एकत्र. शेवटची काही वर्षं आबांचे गुडघे पार गेले. काम होईना, पण घरी बसवेना. मग ते या चिंचेखाली खाट टाकून बसायला लागले आणि तिथून सगळ्या शेताला सूचना द्यायला लागले. मजुरांवर ओरडायचे, बैलांवर ओरडायचे आणि सगळ्यात जास्त नानांवर. नाना चिंच तोडायची म्हणाले. कारण केळीचं सांगितलं. ते कारण खरंच होतं. पण चिंच गेली की खाट जाईल आणि खाट गेली की ओरडणं जाईल, हाही हिशोब त्यात होता, आणि आबांना तो बरोबर कळला. माझ्या जिवात जीव आहे तोवर फांदीला हात लावायचा नाही, असं ते म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. त्यानंतर दोघे भाऊ एका अंगणात राहून एकमेकांशी बोलेनासे झाले. निरोप बायकांमार्फत जायचे. एका उन्हाळ्यात आबा गेले. बोलणं राहूनच गेलं.

आबा गेल्यावर पुढच्या हंगामाआधी लाकूड कापणारा माणूस यंत्र घेऊन आला. नानांनीच बोलावलं होतं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. का, ते खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

आता ते चिंचेच्या बुंध्याशी उभे होते आणि बाई त्यांच्यासमोर. त्यांनी आधी मागचा हिशोब चुकता केला. "धिस ट्री इज बॅड फॉर बनाना," ते म्हणाले. "नॉट फॉर शेड. शेड इज बॅड."

बाई म्हणाली, तिलाही ते नंतर विचित्रच वाटलं होतं.

नानांना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. ते पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत होते. "माय ब्रदर वॉज फॉन्ड ऑफ धिस ट्री," ते म्हणाले. हे 'वॉज' मी त्यांना शेवटच्या शनिवारी, त्यांनी फार मागे लागून विचारलं म्हणून शिकवलं होतं. कशासाठी हवं आहे ते तेव्हा सांगितलं नव्हतं. "आय वॉज अँग्री विथ माय ब्रदर. माय ब्रदर वॉज अँग्री विथ मी."

जोडीदार सगळे बरोबर लागले होते. मी बांधावर मनातल्या मनात मार्क देत होते. नाना थांबले. बाईने घाई केली नाही. एरवी हात उडवत बोलणारा हा माणूस हात मागे बांधून उभा होता.

मग ते म्हणाले, "नाउ, ही मस्ट बी हॅपी विथ मी."

इतक्या वर्षांची शिकवण्याची सवय. माझ्या तोंडून गेलंच, "नाना, वुड बी."

नाना वळले. रागावले नव्हते. त्यांनी विचारलं, वुड म्हणजे काय? मी दोन पावलं पुढे गेले आणि सांगितलं की जे माणूस आता नाही, त्याच्याबद्दल बोलताना मस्ट चालत नाही. वुड लावायचं. आबा असते तर खुश झाले असते, असा त्याचा अर्थ.

नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. 'असते तर' हे शब्द त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग मान हलवली.

"नही," ते म्हणाले. "मस्टच. मी देखं नही, पण माले खात्री शे."

बाईने माझ्याकडे पाहून विचारलं, काही चुकलं का? मी म्हटलं, काही नाही, त्यांचं वाक्य बरोबर आहे. ती नानांकडे वळली आणि हळू म्हणाली, "यस. ही मस्ट बी."

शेजारच्या शेतात पंप चालू होता. मग बाईने विचारलं की या झाडाखालची थोडी माती नेली तर चालेल का, "मे आय?" हा प्रश्न नानांनी घरी शंभर वेळा घोकला होता, पण स्वतः विचारण्यासाठी. आपल्याला कुणी विचारील, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते इतके खुलले की "यू मे" म्हणून थांबले नाहीत, "यू मस्ट" असंही म्हणाले. तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं, खाली बसले आणि माती स्वतः काढून दिली. एका पिशवीची गरज होती, त्यांनी तीन भरल्या.

बाई गेली. संध्याकाळी मलाही परतायचं होतं. अक्का मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत त्यांनी विचारलं, झाडाखाली इतका वेळ काय चाललं होतं? मी काहीही कमी न करता सगळं सांगितलं, वाक्यं जशीच्या तशी, मराठीत. अक्का चालता चालता थांबल्या.

"मला तर म्हणाले होते, यंत्र बिघडलंय म्हणून तो झाड कापणारा माणूस परत गेला," त्या म्हणाल्या.

बस दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या की ही गोष्ट त्या आपल्या जेठाणीला, म्हणजे आबांच्या पत्नीला, स्वतः जाऊन सांगतील. आम्ही त्यांना मोठी आई म्हणतो. आबा गेल्यापासून त्यांनी त्या शेतात पाऊल टाकलं नव्हतं. दोन घरांमध्ये जाणंयेणं होतं, सणावाराला ताटं जात होती, पण शेताचा विषय निघाला की मोठी आई उठून आत जायच्या.

अक्कांनी सांगितलं, ते मी प्रत्यक्ष ऐकलं नाही. पण त्यावर मोठी आई काय म्हणाल्या, ते मला दुसऱ्या दिवशी फोनवर नानांकडूनच कळलं. त्या ओसरीवर आल्या, नानांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, खुश-बिश काही नसतील हो ते, वरून कुणावर तरी ओरडत असतील. नाना हे मला सांगताना हसत होते. मधेच ते केळीचा भाव सांगायला लागले.

फाल्गुनात चिंचा पिकल्या. आधीची सगळी वर्षं त्या तशाच गळून पडायच्या, पाखरं आणि वाटसरू न्यायचे. यंदा अक्का आणि मोठी आई दोघी शेतात गेल्या. झाडाखाली गोणपाट टाकून त्यांनी दुपारभर चिंचा फोडल्या. नाना दुरून बघत होते. एवढ्या चिंचेचं करायचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. मिठात मळलेल्या चिंचेचा एक गोळा मला जळगावला पोचला. इतका मोठा की निम्मा मी शेजारी वाटला.

केळीची कापणी सुरू झाली आणि इंग्रजीचा तास बंद पडला. शनिवारी मी विचारलं, नाना, पुढचा धडा घ्यायचा का? ते म्हणाले, माझं बोलणं झालं.